पहिली परसबाग दसऱ्यानंतरच

मृगाचा पाऊस पडला की विदर्भातील खेड्यांत घरोघरी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, बिया टाकण्याची घाई सुरू होते. नवख्याने मात्र पहिली लागवड दसऱ्यानंतरच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागली की मेथी आणि सांभार (कोथिंबीर) मुळाशी सडतात, तण भाजीच्या वर जाते आणि हुरूप तेथेच संपतो. ऑक्टोबरपासून ऊन स्वच्छ मिळते, जमिनीत ओल असते आणि काही चुकले तरी पुन्हा पेरायला वेळ उरतो.

दहा फूट लांब व तितकीच रुंद जागा पहिल्या वर्षी पुरे. तिच्यावर दिवसातून किमान सहा तास ऊन यावे. काळ्या मातीत खरे महत्त्व आहे ते वाफशाला, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशा स्थितीला. ओल्या मातीत कुदळ घातली तर निघालेली ढेकळे वाळून दगडासारखी होतात आणि पूर्ण वाळलेल्या मातीत कुदळच शिरत नाही. म्हणून मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा व तो कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला असे समजावे, चपटा होऊन पडला तर आणखी दोन दिवस थांबावे. त्यानंतर वीतभर खोल खणून चार-पाच घमेली शेणखत मिसळावे. ते पूर्ण कुजलेले व भुरभुरीत असावे, कारण उकिरड्यावरच्या अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्याही वाफ्यात येतात.

दोन्ही बाजूंनी हात पोहोचावा म्हणून वाफा तीन फुटांहून रुंद करू नये. मेथी 25 ते 30 दिवसांत निघते. पालक उपटण्याऐवजी कापला तर तीन-चार वेळा मिळतो. सांभारासाठी धणे रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात व रात्रभर भिजवून पेराव्यात. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेव्हा पाचव्या दिवशी माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. सारे एकदम न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे. वांगी व टमाटराची चार-पाच आठवड्यांची रोपे संध्याकाळी, दोन-दोन फुटांवर लावावीत.

मावा दिसल्यास 50 ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात किंचित साबण मिसळावा आणि ऊन उतरल्यावर फवारावे. त्यासाठी निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडीच वेचून ठेवाव्या लागतात.

कोंबड्यांपासून वाफे राखायला तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, कुंपण उत्तम. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, फुकट मिळतात, तरी त्या वापरू नयेत. त्यांवरच्या वाळक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते. भेंडी तर कपाशीच्याच कुळातली असल्याने शेतातील तुडतुडे आणि पांढरी माशी तिच्यावर सहज येतात. म्हणून आजूबाजूची कपाशी उपटून झाल्यावर, फेब्रुवारीत भेंडी पेरावी. एप्रिलपासून तिच्या बुडाशी कुटाराचा (भुशाचा) चार बोटे थर द्यावा आणि पाणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी घालावे.