मिस्ट्री गोगलगाईंची घरच्या घरी पैदास

मत्स्यटाकीत हौसेने पाळली जाणारी मिस्ट्री गोगलगाय (पोमॅसिया डिफ्युसा) मूळची दक्षिण अमेरिकेतील असून तिच्यात नर व मादी वेगवेगळे असतात. बाहेरून ते ओळखणे अवघड असल्याने सुरुवातीलाच चार-पाच गोगलगायी आणणे श्रेयस्कर. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच) ७ पेक्षा थोडा अधिक राखावा, कारण आम्ल पाण्यात शंख झिजतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेणीचा (कटलफिश या सागरी जीवाच्या अंगातील चुनखडीयुक्त कवचाचा) तुकडा टाकीत ठेवावा.

मादी अंडी पाण्यात घालत नाही, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ती बहुधा रात्री पाण्याबाहेर येऊन काचेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस फिकट गुलाबी अंड्यांचा पुंजका चिकटवते. म्हणून पाण्याची पातळी काठापासून सुमारे १० सेंटिमीटर खाली ठेवावी आणि झाकण घट्ट बसवावे. पुंजका पहिल्या दिवशी मऊ असल्याने त्याला हात लावू नये. तो बुडाला तर आतील जीव गुदमरतात, कोरडा पडला तर सुकतात. झाकणाखालची दमट हवाच त्याला मानवते.

साधारण दोन ते चार आठवड्यांत पिल्ले बाहेर पडून पाण्यात उतरतात. त्यांना उकडलेली काकडी किंवा पालक द्यावा, फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा आणि तांबेयुक्त औषधे कटाक्षाने टाळावीत. जास्तीची पिल्ले ओढ्या-तळ्यांत मुळीच सोडू नयेत.