पावसाळ्यात रबराचा चीक वाया जाऊ नये म्हणून
दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबर लावलेल्यांची खरी परीक्षा जूनमध्ये. चीक काढायला ओल्या सालीवर काप दिला की चीक वाट सोडून खोडभर पसरतो, वाटीत पाणी शिरतं, वर साल कुजते ती वेगळीच. म्हणून मेमध्ये, साल कोरडी असतानाच, कापाच्या वर प्लॅस्टिकचा रेनगार्ड, म्हणजे पाऊस अडवणारा घेर, बांधून घ्या. घागऱ्यासारख्या चुण्या पाडा आणि वरची कड डांबरी लेपाने सालीला घट्ट चिकटवा. बारीकशी फट राहिली तरी मेहनत पाण्यात. पहिल्या सरीनंतर घेर उचलून बघाच. आत ओघळ दिसला तर पुन्हा लेप द्या. पानगळीच्या रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारणीही पावसाआधीच. आपला पाऊस धो-धो, पण चार महिन्यांचा; पुढे कोरडं ऊन. म्हणून दिवाळीनंतर कोवळ्या रोपांच्या खोडाला चुना लावा, बुंध्याशी पालापाचोळा पसरा.