‘नेट स्लो आहे ओ’ : बेळगाव भागात वायफायचं काम शिकणाऱ्यांसाठी

दुकानदाराचा फोन येतो तो ठरलेल्या वाक्याचा: “नेट लई स्लो आहे ओ, जरा येऊन बघून जावा की.” पलीकडचा कन्नड बोलणारा असला तर “नेट स्लो ऐती री.” एवढ्यावरून हाती काहीच लागत नाही. पान उघडायला वेळ लागतोय, फोन वायफायला जोडलाच जात नाही, की जोडला जाऊन पुढं काही चालत नाही, या तीन निराळ्या तक्रारी आहेत आणि गिऱ्हाईक तिन्हींना स्लोच म्हणतं. त्या वेगळ्या करता आल्या की निम्मं काम झालं. आयटीआय, डिप्लोमा, बीसीए, कुठूनही या धंद्यात येत असाल तर तुमच्यासाठी हे लिहितोय.

माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांना सुरुवातीला लॅपटॉप मिळत नाही. क्रिम्पर (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा), केबल टेस्टर आणि शिडी मिळते. मुलं हिरमुसतात. पण वायरलेस म्हटलं तरी वायफाय फेकणाऱ्या डब्यापर्यंत, म्हणजे अॅक्सेस पॉइंटपर्यंत, आमच्या बोलण्यात एपीपर्यंत, वायरच जाते. आणि बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात मी बघितलेल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडलंय.

कॅट-सिक्स म्हणजे नेटवर्कच्या केबलची पेटी घेताना एक तार पात्यानं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबच्या एपीला वीज कमी पोचते आणि तो मधूनच रीस्टार्ट होत राहतो. केबल शुद्ध तांब्याची असली तरी स्विचपासून, म्हणजे सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्यापासून, एपीपर्यंत १०० मीटरच्या पुढं जायचं नाही. कनेक्टर मारताना रंगांचा क्रम झोपेतसुद्धा सांगता यायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण दोन्ही टोकांना मनचाच पण सारखा क्रम लावतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि पोरगं खूश. पण दिव्यांवरून फक्त तार कुठं तुटलेली नाही एवढंच कळतं. केबलमध्ये तारा दोन-दोनच्या पिळलेल्या जोड्यांत असतात; एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीत गेली असेल तर पिळाचा उपयोगच जातो, शेजारच्या तारेचा गोंगाट आत शिरतो, आणि साध्या टेस्टरला यातलं काही दिसत नाही. म्हणून एपी चालू झाला की स्विचच्या किंवा कंट्रोलरच्या (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) पानावर लिंकचा वेग बघायचा. १००० मेगाबिट हवा तिथं १०० दिसला तर बहुधा निळ्या नाहीतर तपकिरी जोडीत घोळ असतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट नारिंगी आणि हिरव्या जोडीवर भागवून घेतं.

वीजही याच केबलमधून जाते, त्याला पीओई म्हणतात. ८०२.३एएफ प्रकारचा पोर्ट १५.४ वॉट देतो, ८०२.३एटी ३० वॉट. काही स्वस्त एपी २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर, म्हणजे समोरचं उपकरण न तपासता सरळ सोडलेल्या विजेवर चालतात. ते नेहमीच्या पीओई स्विचला लावले तर चालूच होत नाहीत, आणि पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारा छोटा डबा) भलत्याच उपकरणाला लावला तर ते जळू शकतं. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून मगच पिन घालायची.

तक्रार ऐकताना मी आधी वेळ विचारतो. शहापुरात एका साड्यांच्या दुकानात वायफाय दिवसभर झकास चालायचं आणि दिवेलागणीला बंद पडायचं, तेही ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. आधी येऊन गेलेल्यांनी एपी बदलला होता, चॅनल बदलले होते, नेट देणाऱ्या कंपनीशी भांडणही झालं होतं. मी मुद्दाम संध्याकाळी गेलो आणि एपीकडं न बघता माळ्यावरच्या स्विचपाशी उभा राहिलो. आठ पोर्टचा छोटा पीओई स्विच. पहिल्या सात पोर्टांवर कॅमेरे, आठव्यावर एपी. बाहेर अंधारलं तसे कॅमेऱ्यांचे लाल ठिपके एकेक करून उजळले. शेवटच्या कॅमेऱ्यानं डोळा उघडला आणि आठव्या पोर्टचा दिवा गेला. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येक कॅमेरा थोडी थोडी वीज जास्त ओढतो, आणि स्विचची एकूण क्षमता संपली की असले स्विच शेवटच्या पोर्टाचाच बळी देतात. एपीला वेगळा इंजेक्टर दिला आणि प्रश्न मिटला. दुकानदार काकांना मात्र शेवटपर्यंत पटलं नाही की कॅमेऱ्यामुळं वायफाय जात होतं.

वेळेनंतर जागा. गणपत गल्ली, खडे बाजाराकडची जुनी घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, खानापूरकडं चिऱ्याच्या. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा एका भिंतीतच दमते. गिऱ्हाईक म्हणतं, “पॉवर फुल्ल करा की.” करू नका. मांडवातला भोंगा अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, पण गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसानं तोंडानं दिलेलं उत्तर मांडवापर्यंत येत नाही. फोनचं तसंच होतं. एपीचा आवाज मोठा, म्हणून फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचा रेडिओ दुबळा, त्याचं म्हणणं एपीपर्यंत पोचत नाही. शिवाय लांबचा फोन त्याच एपीला चिकटून बसतो, शेजारी दुसरा मोकळा असला तरी. भिंतीच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, असे दोन एपी मध्यम पॉवरवर ठेवलेले बरे. माप माणूस बसतो त्या खुर्चीवर घ्यायचं, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर घ्यायचं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार; उणे ६७ डीबीएमच्या आसपास आलं तर व्हिडिओ कॉलसुद्धा नीट चालतो. दर ३ डीबी घटले की सिग्नल निम्मा होतो, त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७६ यांतला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही.

मापण्यासाठी अँड्रॉइडवर फुकटची अॅप पुरतात. मात्र अँड्रॉइड ९ पासून अॅपला २ मिनिटांत चारदाच स्कॅन करता येतो, म्हणून आकडा जुनाच दिसत राहतो आणि तुम्ही खोलीभर फिरून फसता. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन काढता येतं. तेवढं आधी करून घ्या.

चॅनलचं, म्हणजे लहरीच्या कुठल्या पट्टीवर चालायचं याचं, फार डोकं खाऊ नका. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजाऱ्यापासून लांब जावं म्हणून कुणी ३ किंवा ८ निवडतं आणि दोन्हीकडचा त्रास ओढवून घेतं. ५ गिगाहर्ट्झवर भारतात २०१८ पासून बरीच जागा खुली झाली आहे, तरी दाटीच्या गल्लीत ८० ची रुंदी न धरता ४० किंवा २० वर राहिलेलं बरं. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल लागली की एपीला चॅनल सोडावा लागतो. मधेच सगळ्यांचं नेट क्षणभर गेल्याची तक्रार आली तर हे आठवा.

मंगल कार्यालयाचं काम मिळालं तर रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी लहर शोषून घेतं. भिंतीवर छातीच्या उंचीला लावलेला एपी रिकाम्या हॉलमध्ये टोकापर्यंत पोचतो, वऱ्हाड उभं राहिलं की चार रांगांत संपतो. छताला लावा. आणखी एक गोष्ट तिथं हमखास घडते. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आयपी पत्ता देतो; साध्या राउटरकडं २५४ च्या आत पत्ते वाटायला असतात आणि एकदा दिलेला पत्ता बहुतेक वेळा दिवसभर अडकून राहतो. सकाळी देवकाला आलेल्यांनी पत्ते घेतले, दुपारी अक्षता पडताना आलेल्या पाहुण्यांना उरलेच नाहीत. फोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, काहीच मिळालेलं नाही असं धरा. लीजची, म्हणजे पत्ता राखून ठेवायची, मुदत तास-दीड तासावर आणायची आणि नेटवर्कचा आकार /२२ करायचा, म्हणजे १०२२ पत्ते होतात. थेट प्रक्षेपण करणारा फोटोग्राफर “वायफाय द्या” म्हणत येतो. त्याला वायर द्या, वायफाय नको.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलात तर तिथले फोरमन सांगतील, भट्टी लागली की वायफाय जातं. इंडक्शन भट्टीची वारंवारता वायफायच्या कितीतरी खाली असते, ती थेट लहरीत घुसत नाही. भट्टी लागताना व्होल्टेज हलतं, स्विच रीस्टार्ट होतो. एपी आणि स्विच यूपीएसवर घ्या. पत्र्याचं छप्पर आणि सरकणारी क्रेन यांचा अडथळा असतोच. लोखंडाची भुकटी कनेक्टरात जाते, म्हणून तिथं बंद पेटीशिवाय काही लावू नका.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचं काम निराळंच. दोन इमारती ५ गिगाहर्ट्झच्या डिशनं जोडायच्या असतात. पाऊस मरणाचा पडतो, पण एवढ्या छोट्या अंतरावर पाऊस या लहरीचं फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो साग. एप्रिलात काम करायला जाता, सागाची पानं झडलेली असतात, फांद्यांतून समोरचा खांब स्वच्छ दिसतो, लिंक फर्स्ट क्लास लागते. आषाढात त्याच फांद्यांवर सुपाएवढी ओली पानं येतात आणि लिंक मरते. १ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर लहर साधारण साडेतीन मीटर त्रिज्येची जागा व्यापते, त्या त्रिज्येतलं निदान ६० टक्के तरी मोकळं हवं. त्यामुळे नुसतं समोरचं दिसलं म्हणून भागत नाही, खांब चढवावा लागतो. खांबावरून उतरणारी केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं. आणि वळवाच्या विजा लक्षात ठेवून दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल कधीच ओढू नका, फायबर टाका. डिशला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच. गिऱ्हाईक हा खर्च कापायला बघतं. तेवढ्यापुरतं वाईटपण घ्या.

आता राहिला प्रश्न कुणाला त्रास होतो याचा. टिळकवाडीकडच्या एका अभ्यासिकेत एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचं नेट चालायचं, दुसऱ्याचं नाही, काड्या दोघांच्याही भरलेल्या. दोघांचे फोन शेजारी ठेवून पत्ते वाचले: एकाचा १९२.१६८.१० चा, दुसऱ्याचा १९२.१६८.० चा. म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे. कुणीतरी घरचा जुना राउटर आणून कोपऱ्यातल्या आय-ओ बॉक्सला (भिंतीवरच्या नेटच्या सॉकेटला) लावला होता, रेंज वाढावी म्हणून. दुसऱ्या गेटवेचा, म्हणजे त्या राउटरचा, मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा नंबर) स्विचच्या टेबलात शोधला की पोर्ट सापडतो, पोर्टवरून खोली. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या राउटरला पत्ते वाटू न देणारी सोय, चालू करून ठेवा. नुसत्या प्रिंटरचीच तक्रार असेल, तर बघा कुणी हौसेनं वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या प्रकारावर नेली आहे का. जुने प्रिंटर डब्ल्यूपीए-२ आणि २.४ वरच चालतात.

अभ्यासासाठी सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा, अभ्यासक्रम धरा. परीक्षा पुढं-मागं द्या, पण आयपी, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) आणि डीएचसीपी हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. इथून पुण्याला, बेंगळुरूला जाणारी मुलं याच जोरावर टिकतात, आणि चोरला घाटातून खाली गोव्याच्या हॉटेलांची कामं घेणारीही. पहिली नोकरी धरताना पगाराइतकंच पेट्रोलचं विचारा, कारण सकाळी संकेश्वर आणि दुपारी लोंढा असा दिवस नेहमीचा आहे. आणि काम सोपवताना पासवर्ड, पोर्टांची यादी, छतावरून केबल कुठून गेली त्याचे फोटो गिऱ्हाइकाला लेखी द्या. आधीच्या माणसानं पासवर्ड नेला म्हणून चांगलं चाललेलं नेटवर्क रीसेट करून पहिल्यापासून उभं करायची पाळी आमच्यावर सारखी येते.

हद्दीवर राहत असल्यामुळं कागल, गडहिंग्लज, चंदगडची कामंही येतात. माल दुसऱ्या राज्यात जातो, म्हणून बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, आणि ५०,००० रुपयांच्या वरचा माल असला तर ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद). एपीची खोकी दिसायला छोटी असली तरी पाच-सहा चांगले एपी आणि एक स्विच घेतला की हा आकडा सहज ओलांडला जातो. कोगनोळी नाक्याच्या पुढं गाडी अडवली गेली तर मालकाला फोन लावून उपयोग नसतो. बिलाची प्रत निघतानाच मागून घ्या.