ऑटोमॅटिक ट्रक दुसऱ्या गिअरवर उचलताय? या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ट्रकवर वाढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय असते. "पहिला कशाला भो, दुसऱ्यावरच उचल." जुन्या गाड्यांना ते चालायचं. त्यांचा पहिला गिअर इतका खालचा, की सपाट डांबरीवर रिकाम्या गाडीला तो लागायचाच नाही. हीच सवय ऑटोमॅटिक ट्रकमध्ये नेली की नुकसान सुरू होतं.

आधी आपली गाडी कोणती ते ओळखा. आपल्याकडच्या बऱ्याच ऑटोमॅटिक ट्रकमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात, फक्त पेडल नसतं. क्लच कॉम्प्युटर दाबतो. ही एएमटी. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, त्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते.

सगळ्यात मोठी चूक भरल्या गाडीला होते. मे महिन्यातली दुपार, घड भरलेला ट्रक शेतरस्त्यावरून डांबरीवर चढवायचाय आणि लिव्हर मॅन्युअलवर, दुसऱ्यात. दुसऱ्यात चाकांना पहिल्यापेक्षा कमी ओढ मिळते. गाडीचा वेग इंजिनाशी जुळेपर्यंत एएमटीचा क्लच घासत राहतो, आणि ती वेळ इथे लांबते. पेडल नसल्यामुळे हाफ क्लच चाललाय हे पायाला कळतच नाही. वास येतो तेव्हाच लक्षात येतं. असं रोज झालं की प्लेट झिजते, गुळगुळीत होऊन सरकायला लागते आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्या इंजिनाच्या चाकावर घासते त्यावर, उष्णतेच्या चिरा पडतात. कन्व्हर्टरच्या गाडीत घासायला ती प्लेट नसते म्हणून बिनघोर राहू नका. तिथे तेल तापतं, काळं पडतं आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचना खराब करतं. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा तेल थंड व्हायलाही वेळ लागतो.

कोंडाईबारी घाटात जाम लागला की काही जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. हे कधीच करू नका. ब्रेक दाबा, हँडब्रेक लावा, आणि पुढची गाडी हलली की 'ऑटो'वर ठेवून उचला. बऱ्याच एएमटी चढ आणि वजन बघून सुरुवातीचा गिअर स्वतः निवडतात. रिकाम्या गाडीला तिने दुसरा घेतला तर घेऊ द्या.

दुसऱ्यावर उचलणं योग्य ठरतं ते पावसाळ्यात. काळ्या मातीच्या चिखलात रिकाम्या गाडीची चाकं पहिल्यात जागच्या जागी फिरतात, दुसऱ्यात ओढ कमी म्हणून पकड टिकते. चिखल संपला की लिव्हर परत 'ऑटो'वर आणा. हे विसरणारे फार.

एक गोष्ट लक्षात ठेवा: लिव्हरवर '२' लिहिलंय म्हणजे गाडी दुसऱ्यातच उचलते असं नाही. काही गिअरबॉक्स तिथेही पहिल्यात सुरू होतात आणि दुसऱ्याच्या वर जात नाहीत, एवढंच. गाडीसोबतचं पुस्तक उघडून बघा.

आणि तुम्ही काही न करता गाडी जड उचलत असेल, पुढचे गिअर घेत नसेल, तर आधी लिव्हर आणि मोडचं बटण बघा. तिथे सगळं ठीक असेल तर बॅटरीचा व्होल्टेज, गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींचे कनेक्टर आणि तेलाची पातळी तपासा. वायरिंग किंवा सेन्सर बिघडला की अनेक गिअरबॉक्स बचावासाठी एकाच गिअरवर अडकतात. अशा वेळी क्लच प्लेट बदलून पैसे घालवू नका, आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा.

जळका वास आलाच तर सपाटीला थांबा. कन्व्हर्टरची गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालूच ठेवा, कारण इंजिन बंद केलं की तेलाचा पंपही थांबतो आणि गरम तेल आतच राहतं. एएमटीचा क्लच मात्र नुसता उभा राहून थंड होऊ द्या. मिस्त्रीला सांगताना कुठल्या गिअरवर, किती वजनासह आणि कुठल्या चढावर उचलली हेही सांगा. दोष शोधायला त्याला याचाच उपयोग होतो.