जुना टूलरूम लेथ घेताना या चुका टाळा

जुना लेथ (धातूचा बार फिरवत कापायचं मशीन) बघायला गेलेली बहुतेक माणसं आधी रंग बघतात, मग बटण दाबून आवाज ऐकतात आणि लगेच किमतीवर येतात. बेडवर, म्हणजे टूल ज्यावरून सरकतं त्या लांब पायावर, वाकून कोणी बघत नाही. औद्योगिक वसाहत भोसरी असो, शिरोली असो की सातपूर, हाच प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. घेणारा नवीन मुलगा असेल तर घाई आणखी, कारण "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे त्याला आधीच ऐकवलेलं असतं. येऊ द्या. अर्धा दिवस देऊन मशीन तपासू न देणाऱ्याकडून टूलरूम लेथ, म्हणजे अचूक कामाचा लेथ, घेऊच नये.

जाताना सोबत डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं गेज) आणि मॅग्नेटिक स्टँड न्या, आणि ते स्वतःचेच न्या. फिलर गेज, टॉर्च, मीटरभर लांब जाड पाइप, रॉकेलचं फडकं आणि पन्नास मिलिमीटरचा बारचा एक तुकडाही घ्या. टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) कोणाकडून उसना मिळाला तर उत्तम.

गरम मशीन बघणं

तुम्ही पोचलात आणि मशीन आधीच चालू आहे, हेडस्टॉकला (स्पिंडल म्हणजे फिरणारा मुख्य दांडा आणि गियर असलेल्या डब्याला) हात लावला तर कोमट लागतोय, तर ते बंद करायला सांगा आणि चहाला जा. मशीन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा या. बेअरिंगचा खरा आवाज गार मशीन पहिल्यांदा चालू करताना ऐकू येतो. दुसरी जुनी युक्ती तेलाची. हेडस्टॉकला साधारण ६८ ग्रेडचं तेल लागतं, तिथे त्याहून बरंच दाट ९० नंबरचं गियर ऑइल भरलं की थकलेलं बेअरिंग आणि सैल गियर दोन्ही गप्प बसतात. मी ड्रेन प्लग थोडा ढिला करून चार थेंब बोटावर घेतोच. दाट, चिकट लागलं तर विकणाऱ्याला कारण विचारायचं. तेलात चमक दिसली तर लोहचुंबक फिरवायचा. चुंबकाला चिकटतो तो गियर किंवा बेअरिंगचा चुरा, आणि पिवळा, न चिकटणारा असेल तर कुठला तरी ब्राँझ बुश संपत आलाय.

मग सगळे स्पीड एकेक करून लावा. फॉरवर्ड, रिव्हर्स, दोन्ही. एकाच स्पीडला टकटक येत असेल तर त्या जोडीतला एखादा दात तुटलाय किंवा वेल्डिंगने भरलाय.

थ्री-जॉ चकमध्ये बार धरून रनआउट बघणं

हे बघितलं की मला राग येतो. रनआउट म्हणजे फिरताना केंद्रापासून होणारी हालचाल, आणि वापरलेला थ्री-जॉ चक (तीन जबड्यांची पकड) स्वतःच पाच-दहा शतांश मिलिमीटर बाहेर असतो. त्यात धरलेल्या बारवर डायल लावून तुम्ही चक मोजता, स्पिंडल नाही. चक उतरवा. विकणारा कुरकुरला तरी उतरवा. स्पिंडल नोज (चक बसतो ते टोक) फडक्याने पुसा, डायल थेट नोजच्या सेंटरिंग भागावर लावा, मग आतल्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) लावा.

मशीन टूल स्वीकारताना कोणत्या चाचण्या घ्यायच्या याची शिस्त बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ साली लावून दिली, आणि आजचं आयएसओ १७०८ हे लेथच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक त्याच वाटेने जातं. त्यातला एक आकडा पाठ करून ठेवा. स्पिंडलच्या टेपरमध्ये मँड्रेल बसवला तर साध्या मध्यम लेथवर नोजजवळ १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ३०० मिलिमीटरवर २० मायक्रॉन चालतात. टूलरूम दर्जाच्या मशीनला हेच ५ आणि १५ आहेत. हे नव्या मशीनचे आकडे आहेत. जुन्याला थोडी सवलत द्या, पण "टूलरूमचं मशीन आहे" म्हणून जादा पैसे मागत असतील तर सवलतही तेवढीच कमी. मँड्रेल एकदा लावून थांबू नका. काढा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा, म्हणजे मँड्रेलची चूक वेगळी कळते.

यानंतर पाइप. चक परत चढवून त्यात पाइप धरा, डायल नोजच्या वर लावा आणि पाइपचं टोक हाताने वर उचला. चांगल्या स्पिंडलवर सुई काही मायक्रॉन हलते आणि सोडलं की शून्यावर येते. शून्यावर परत येत नसेल तर बेअरिंग सैल आहे किंवा गेलंय. सैल असेल तर प्रीलोड देता येतो, म्हणजे बेअरिंग आवळता येतं. गेलं असेल तर प्रिसिजन बेअरिंगची किंमत आधी विचारा, मग मशीनची.

बेडचा मधला भाग बघून खूश होणं

लेथवरचं बरंचसं काम चकपासून वीतभर अंतरात होतं, म्हणून बेड झिजतो तो तिथेच. टेलस्टॉककडचं (दुसऱ्या बाजूच्या आधाराकडचं) टोक नव्यासारखं राहतं. विकणारा हात फिरवून दाखवतो तो त्याच टोकाला.

माझी पहिली तपासणी हातानेच असते. कॅरेज म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, आणि सॅडल म्हणजे त्याचा बेडवर बसणारा तुकडा. चकजवळ सॅडलचं लॉक इतपत आवळायचं की कॅरेज जड जाईल पण सरकेल. मग चाक फिरवत टेलस्टॉककडे न्यायची. जितकी लवकर आणि जितकी घट्ट अडकेल तितकी चकजवळची झीज जास्त. याला एक पैसा लागत नाही, तरीही कोणी करत नाही.

आकडा हवा असेल तर डायल काढा. बऱ्याच लेथवर कॅरेज बेडवरच्या बाहेरच्या वेवर (सरकायच्या पट्ट्यांवर) चालते आणि टेलस्टॉक आतल्या वेवर. टेलस्टॉक फारसा हलत नाही, त्यामुळे आतली वे बरीच शाबूत असते. मॅग्नेटिक स्टँड कॅरेजवर ठेवा, डायलचं टोक आतल्या सपाट वेवर टेकवा, टेलस्टॉककडच्या टोकाला शून्य करा आणि कॅरेज सावकाश चककडे आणा. सुई जिथे पळायला लागते तिथून झीज सुरू. माझा हिशेब असा आहे: दोन-तीन शतांशापर्यंत काही बोलायचं नाही, पाच-सहाला किंमत पाडायची, आणि एक दशांशाच्या पुढे गेलं तर टूलरूमच्या कामासाठी ते मशीन घ्यायचं नाही. जाडजूड दुरुस्तीच्या कामाला ते अजून बरीच वर्षं चालेल, पण त्याला त्या कामाचा भाव द्यावा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कॅरेज नुसती खाली गेली तर व्यासावर फारसा फरक पडत नाही. पन्नास मिलिमीटरच्या बारवर टूल एक दशांश खाली गेलं तर व्यास अर्धा मायक्रॉनसुद्धा वाढत नाही. पण व्ही आकाराच्या वेचा एक उतार दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला की कॅरेज बाजूलाही सरकते, आणि बाजूला सरकलेले २० मायक्रॉन व्यासावर ४० होऊन येतात. म्हणून डायलने वरची झीज मोजली तरी टेस्ट कट घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये.

हार्डन केलेल्या बेडवर वेगळाच प्रकार होतो. बेड छान दिसतो आणि सॅडलचा खालचा भाग झिजून बसलेला असतो. तो पकडायची युक्ती पुढे येते.

"बेड ग्राइंडिंग करून दिलंय" यावर विश्वास ठेवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. हिच्यात सापडतात ते आळशी लोक नव्हेत, चार गोष्टी वाचून आलेले हुशार लोक, म्हणून सविस्तर सांगतो.

कोल्हापूरकडच्या एका ओळखीच्या मुलाने किर्लोस्करांच्या हरिहरच्या कारखान्यातला एक जुना लेथ घेतला. आयटीआय झालेला, हात चांगला. फोनवर म्हणाला, "काका, बेड ग्राइंड करून दिलाय. आरशागत दिसतोय बघा." मी एवढंच विचारलं, "सॅडलखाली काय भरलंय?" तर म्हणाला, "भरायचं कशाला? बेड तर सरळ झाला की."

महिन्याभरात त्याचा पुन्हा फोन आला. चकजवळ हाफ नट (थ्रेड कापताना कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) लागतच नव्हता, जोर लावून लावला की लीड स्क्रू (कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) कुरकुरत होता, आणि कापलेल्या थ्रेडवर नट अर्ध्यात अडकत होता. गेलो. आधी कॅरेज मधोमध आणली, डायल लीड स्क्रूच्या वरच्या बाजूला लावला आणि हाफ नट बंद केला. सुई अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाली गेली. मग कॅरेज चकजवळ नेली. तिथे स्क्रू गियरबॉक्सला धरलेला असल्यामुळे वाकायला जागा नाही, आणि हँडल अर्ध्यावर थांबलं. मुलाचा चेहरा तेवढ्यावरच उतरला.

झालं होतं ते असं. बेडवरून जेवढं मटेरियल ग्राइंडिंगमध्ये गेलं, तेवढी सॅडल खाली बसली आणि तिच्यासोबत एप्रन (सॅडलला पुढून लटकणारा, हाफ नट असलेला डबा). लीड स्क्रू आणि फीड रॉड (कॅरेज आपोआप चालवणारी दांडी) मात्र गियरबॉक्स आणि शेवटच्या ब्रॅकेटमध्ये जुन्या उंचीवरच राहिले. हाफ नट लागला की स्क्रू खाली ओढला जातो. फीड रॉडचंही तेच. रॅक (दात्यांची पट्टी) बेडला बोल्ट केलेली असते, तिचे दात खाली, त्यामुळे एप्रनचा पिनियन तिच्यापासून दूर जातो आणि हँडव्हीलला झोल वाढतो. विकणाऱ्याने बेड चमकवायचे पैसे खर्च केले आणि बाकीचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात टाकलं.

योग्य काम म्हणजे ग्राइंडिंगनंतर सॅडलखाली टरसाइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवायची, ती बेडला जुळेपर्यंत स्क्रेप करायची, म्हणजे हाताने बारीक खरवडायची, आणि सॅडल मूळ उंचीवर आणायची. काही जण गियरबॉक्स आणि ब्रॅकेट खाली उतरवतात. मला ते आवडत नाही, कारण एक जुळवायला गेलं की तीन बिघडतात. त्या मुलाने शेवटी टरसाइट करून घेतलं. मशीन आज चांगलं चालतंय, पण खर्च मशीनच्या किमतीच्या निम्म्याजवळ गेला. हे आधी माहीत असतं तर त्याने न ग्राइंड केलेलं, थोडं झिजलेलं आणि स्वस्त मशीन घेऊन काम स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलं असतं. मी सगळ्यांना हेच सुचवतो.

तर युक्ती हीच: हाफ नट बंद करताना लीड स्क्रूवर डायल. बेड ग्राइंड झाला असो की सॅडल खालून झिजली असो, दोन्ही या एका तपासणीत उघडं पडतं.

बेडवर ताजे स्क्रेपिंगचे चट्टे दिसले तरी हुरळू नका. हँड ग्राइंडरने दिखाऊ चट्टे मारलेले बेड मी बघितलेत. खऱ्या स्क्रेपिंगला बोट घसरतं, खोट्याला नख अडकतं.

टेपर आला म्हणजे बेड गेला असं समजणं

आणि टेपर आला नाही (कापलेला बार निमुळता झाला नाही) म्हणजे मशीन चांगलं, असंही समजणं. दोन्ही चूक. विकणाऱ्याच्या आवारात मशीन लाकडी ठोकळ्यांवर उभं असतं. बेडला पीळ बसलेला असला की नवं मशीनसुद्धा टेपर कापेल. उलट, पायाखाली पत्र्याच्या शिम सारून पीळ देऊन टेपर लपवताही येतो. आधी ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल लावून बघा. मग बार चकमध्ये धरा, टेलस्टॉक न लावता, आणि दोन टोकांना व मध्ये कॉलर (उंच राखलेले पट्टे) ठेवून हलका कट घ्या. पिळामुळे व्यास एकसारखा वाढत किंवा घटत जातो. झिजेमुळे तो मध्येच फुगतो किंवा बसतो. दोनच कॉलर घेतल्या तर हा फरक कळत नाही, म्हणून मी तिसरी घेतोच. फेसिंग करून (बारचं तोंड सपाट कापून) त्यावर पट्टीही ठेवा. चांगला लेथ किंचित खोलगट फेस देतो. मध्ये उंचवटा आला तर क्रॉस स्लाइडकडे (टूल आडवं नेणाऱ्या भागाकडे) बघा.

थोडक्यात बाकीचं

क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (हँडलचा झोल) बघून मशीन नाकारणारे खूप आहेत. नट बदलला की काम झालं, उगाच चांगलं मशीन सोडू नका.

लीड स्क्रूचे दात चकजवळ आणि टेलस्टॉकजवळ शेजारी शेजारी फोटो काढून ताडून बघा. चकजवळचे टोकदार झाले असतील तर थ्रेडिंगवर भरवसा नाही.

लीड स्क्रू इंचाचा असेल तर १२७ दातांचा गियर सोबत आहे का ते विचारा. त्याच्याशिवाय अचूक मेट्रिक थ्रेड निघत नाहीत, आणि तो लावून मेट्रिक कापताना हाफ नट मध्ये सोडता येत नाही.

टेलस्टॉकचा सेंटर हेडस्टॉकपेक्षा खाली गेलेला असेल तर खालचा बेस झिजलाय. शिम घालून सुटतं. नव्या मशीनवर तो मुद्दाम केसभर वरच ठेवलेला असतो.

गॅप बेड (चकजवळचा तुकडा काढता येणारा बेड) असेल तर गॅपचा तुकडा जागेवर नीट बसतोय का, सांध्यावरून कॅरेज जाताना ठोकर लागते का, ते बघा.

स्टेडी, फेसप्लेट, फोर-जॉ, चेंज गियर: "गोडाऊनला आहेत, पाठवतो" म्हणाले की त्या मिळाल्या नाहीत असं धरून किंमत ठरवा.

वर्कशॉपला थ्री-फेज कनेक्शन नसेल तर ड्राइव्हचा (सिंगल फेजवर थ्री-फेज मोटर चालवणाऱ्या उपकरणाचा) खर्च आधीच किमतीत धरा.

शेवटी उचलणं. इतकी तपासणी करून घेतलेलं मशीन क्रेनवाल्याच्या हाती सोडून लोक पैसे द्यायला ऑफिसात जातात, आणि स्लिंग लीड स्क्रूखालून जातो. वाकलेला स्क्रू सरळ करणं फार जिकिरीचं. क्रेन लागली की मी तिथून हलत नाही. कॅरेज टेलस्टॉककडे नेऊन तोल साधायचा, स्लिंग आणि स्क्रूमध्ये लाकडाचे ठोकळे घालायचे, सॅडल लॉक करायची, आणि आधी वीतभर उचलून मशीन कुठे झुकतंय ते बघायचं. जागेवर आल्यावर लगेच काम सुरू करू नका. लेव्हल करा, आठवडाभर बसू द्या, पुन्हा लेव्हल करा, मग पहिला जॉब लावा.