हृदयपेशीतलं कॅल्शियम आणि एन्झाइम: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

"कॅल्शियम दहापट वाढवलं, तरी एन्झाइमचा वेग जागचा हलत नाही." पुण्यातल्या कॉलेजांत बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की ही तक्रार ठरलेली. पुस्तकात तर सरळ लिहिलेलं असतं की ठोक्याच्या वेळी पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आकुंचन पावतो आणि त्यातलं थोडं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात शिरून तीन डिहायड्रोजिनेज एन्झाइमना जोर देतं. पुस्तकात चूक नाही. गडबड बहुतेक वेळा आपल्याच नळीत असते. आपण घातलेलं कॅल्शियम आणि एन्झाइमला भेटलेलं मोकळं (कशालाही न जोडलेलं) कॅल्शियम यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

आधी पाणी तपासा

दोन ठोक्यांच्या मधे हृदयपेशीत मोकळं कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर असतं, ठोक्याला ते 1 मायक्रोमोलरच्या आसपास जातं. बोअरच्या जड पाण्यात मात्र कॅल्शियम सहज 1 मिलिमोलरच्या वर असतं, म्हणजे ठोक्याच्या पातळीच्याही हजारपट. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या इमारतींत नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर धरतो, तो याचाच. अशा पाण्यानं विसळून उपडा ठेवलेला बीकर उजेडात धरा, काठाशी फिकट पांढरी रेघ दिसेल. तुमचा 'शून्य कॅल्शियम' कंट्रोल (तुलनेची नळी) तिथेच संपतो. शेवटची विसळणी डीआयोनाइज्ड पाण्यानंच करा, बफर काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा आणि कंट्रोलमध्ये ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालाच, कारण चांगल्या डिस्टिल्ड पाण्यातही काही मायक्रोमोलर कॅल्शियम राहू शकतं.

ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांचंही लंडनमध्ये हेच झालं होतं. बेडकाचं हृदय नुसत्या सोडियम-पोटॅशियमच्या द्रावणात धडधडतं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. डिस्टिल्ड पाणी वापरल्यावर हृदय थांबलं आणि 1883 साली कॅल्शियमची गरज जगासमोर आली.

ईजीटीए घातलं, पण पीएच सुटला

माझ्या मते सर्वांत जास्त प्रोजेक्ट इथे बुडतात. ईजीटीएची कॅल्शियम धरून ठेवण्याची ताकद पीएचवर जबरदस्त अवलंबून असते. पीएच 7.2 ला त्याचा केडी (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) साधारण 150 नॅनोमोलर असतो, 7.0 ला तोच सुमारे 380. फक्त 0.2 चा फरक आणि मोकळं कॅल्शियम अडीचपट! त्यातून ईजीटीएनं कॅल्शियम पकडलं की ते प्रोटॉन सोडतं, त्यामुळे कॅल्शियम घातल्या घातल्या पीएच खाली येतो. म्हणून पीएच शेवटी, सगळं मिसळून झाल्यावर लावा.

ट्रिस बफर तर इथे नकोच. दर अंश तापमानाला त्याचा पीएच सुमारे 0.03 नं घसरतो. 25 अंशांना लावलेलं बफर 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये गेलं की 0.3 हून जास्त खाली येतं, आणि मोकळं कॅल्शियम चौपटीच्या पुढे जातं. मॉप्स किंवा हेपीस बफर घ्या, आणि पीएच प्रयोगाच्याच तापमानाला लावा. एटीपी, सायट्रेट आणि फॉस्फेटही कॅल्शियम अडवतात. हिशेबात त्यांनाही धरा.

तिन्ही एन्झाइमना एकच फूटपट्टी

पायरुवेट डिहायड्रोजिनेजवर कॅल्शियम थेट काम करत नाही. ते त्याच्या फॉस्फटेजला चालना देतं, फॉस्फटेज फॉस्फेट काढतं आणि मग एन्झाइम सक्रिय होतं. त्यामुळे शुद्ध कॉम्प्लेक्समध्ये नुसतं कॅल्शियम ओतून काही होणार नाही. फॉस्फटेज हवं आणि मॅग्नेशियमही हवं. एन्झाइम आधीच पूर्ण सक्रिय असेल तर वाढायला जागाच उरत नाही. ऊतीतली मूळ स्थिती मोजायची असेल, तर ती लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा आणि अर्काच्या बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि डायक्लोरोअॅसिटेट ठेवा, म्हणजे फॉस्फटेज आणि उलट फॉस्फेट जोडणारं कायनेज दोन्ही थांबतील. पण हेच फ्लोराइड कॅल्शियम घालायच्या प्रयोगात आलं, तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो.

2-ऑक्सोग्लुटरेट डिहायड्रोजिनेज आणि एनएडी या सहघटकावर चालणारं आयसोसिट्रेट डिहायड्रोजिनेज यांच्याशी कॅल्शियम स्वतः जोडलं जातं. त्यानं केएम (अर्धा कमाल वेग गाठायला लागणारं सब्स्ट्रेटचं, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं, प्रमाण) खाली येतो, कमाल वेग फारसा बदलत नाही. इथेच बरेच जण फसतात. सब्स्ट्रेट भरपूर घातला, तर कॅल्शियमनं फरक पडला तरी दिसणार कसा? सब्स्ट्रेट कमीच ठेवा. आयसोसिट्रेटच्या एन्झाइमला कॅल्शियमही इतर दोघांपेक्षा बरंच जास्त लागतं. इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या डेंटन आणि मॅककॉर्मॅक या संशोधकांच्या कामातून हे चित्र उभं राहिलं.

हृदय आणण्यातली घाई आणि दिरंगाई

प्राण्यांची परवानगी नसेल तर काही जण कॅम्पातल्या शिवाजी मार्केटातून बकऱ्याचं हृदय आणतात. अर्कातलं एन्झाइम मोजायला ते चालून जातं. अखंड मायटोकॉन्ड्रिया हवे असतील, तर बर्फाविना गेलेला प्रत्येक मिनिट महागात पडतो: ऑक्सिजन थांबला की पेशीत कॅल्शियम साचतं आणि मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटू लागतात. दुकानातच हृदयाचे तुकडे करून ईजीटीए असलेल्या बर्फगार बफरमध्ये बुडवा, आणि पुढे जाण्याआधी रेस्पिरेटरी कंट्रोल रेशो (मायटोकॉन्ड्रिया किती धड आहेत ते ऑक्सिजनच्या वापरावरून सांगणारा आकडा) बघा.

मायटोकॉन्ड्रिया अखंड असतील तर माध्यमात सोडियम नको, पोटॅशियमचे क्षार घ्या; हृदयातले मायटोकॉन्ड्रिया सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकतात. शेवटी एका नळीत रुथेनियम रेड घाला. त्यानं युनिपोर्टर, म्हणजे कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात शिरण्याचा मार्ग, बंद होतो. तरीही कॅल्शियमनं वेग वाढला, तर बहुधा तुमचे मायटोकॉन्ड्रिया फुटलेले आहेत.

व्हायव्हाला "कॅल्शियमशिवाय हृदयात ऊर्जाच तयार होत नाही" असं ठोकून देऊ नका. युनिपोर्टरचं जनुक 2011 साली सापडलं, आणि ते काढलेल्या उंदरांची हृदयं एरवी बऱ्यापैकी चालली. प्रौढ उंदरांच्या हृदयातून ते काढल्यावर उणीव दिसली ती अचानक ताण आला तेव्हा, हृदयाला झटकन वेग वाढवायचा होता तेव्हा.