2019 ची खूण बघून पुराची तयारी करताय? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी भागात नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत. आमच्या घरात 2005 ची एक आणि 2019 ची तिच्याही वर. 2019 ला आम्ही फसलो ते त्या खालच्या खुणेमुळेच. धान्याची पोती तिच्यापेक्षा वीतभर उंच फळ्यांवर रचली आणि निवांत झोपलो. सकाळी सगळी भिजलेली. आता 2019 च्या खुणेवर तसाच विसंबून राहू नका. निदान एवढं तरी पाणी येणारच, असं धरा आणि धान्य, बियाणं माळ्यावर किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवा. ज्यांच्या उंबऱ्याला लागून पाणी परत गेलं, त्यांची मला जास्त काळजी वाटते. "आमच्यात येत नाही" म्हणत ते काहीच तयारी करत नाहीत.

दुसरी चूक वेळेच्या अंदाजाची. 2019 ला पाणी दिवस-दिवस चढत होतं, भांडी हलवायला सवड मिळाली. 2021 च्या जुलैत दोन-तीन दिवसांच्या पावसातच यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. आपल्याकडचे बंधारे, बुटके पूल तर घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी बुडतात. म्हणून नजर उंबऱ्यावर ठेवू नका, पुलावर ठेवा. पूल जायच्या आत म्हातारी माणसं, लेकरं आणि दिवस भरत आलेल्या बायका पलीकडे गेलेल्या बऱ्या.

गावात ऊन पडलं म्हणजे धोका टळला, हाही भ्रमच. आपलं पाणी पडतं वर, कोल्हापूरच्या घाटात. काळम्मावाडी धरणाचा विसर्ग दूधगंगेत येतो, पाटगाव धरणाचा वेदगंगेत. शिवाय कृष्णा भरलेली असली की दूधगंगेला पुढं वाट मिळत नाही, फुगवटा मागं सरकतो. त्यामुळं धरणांच्या विसर्गाच्या बातम्या रोज बघा, कृष्णेत येणाऱ्या कोयनेच्यासुद्धा.

जनावरांपायी माणसं अडकतात, हे डोळ्यांनी बघितलंय. म्हशी गोठ्यात असताना घरधनी होडीत बसत नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? यावर एकच उपाय आहे: जनावरं आधी. माळावर कुणाच्या रानात बांधायची, हे जूनमध्येच ठरवा आणि आठ दिवसांचा कडबा तिथं नेऊन ठेवा. काळजी केंद्र (पूरग्रस्तांसाठीचा सरकारी निवारा) सुरू झाल्यावर जागा शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका. आणि काहीच जमलं नाही तर निघताना दावी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं.

उतारा, रेशन कार्ड, पासबुक पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. पेटी घरातच राहते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अंगाबरोबर न्या.

पाणी ओसरल्यावर पहिली घाई असते घर धुवायची. थांबा. आधी भिंतीवरची गाळाची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत यांचे फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सगळं चकचकीत झालं, तर दाखवणार काय? मेन स्विच ओल्या हातानं चढवू नका, वायरमनला दाखवा. विहिरीचं पाणी औषध टाकल्याशिवाय पिऊ नका. मातीच्या भिंती पाण्यात तग धरल्या तरी पाणी गेल्यावर, ऊन लागल्यावर ढासळू शकतात. घर कोरडं दिसलं तरी त्या भिंतीलगत अंथरूण टाकू नका.